हार्वेस्टर घ्यायचंय? आधी त्याच्या पोटात काय आहे ते बघा

मार्च लागला की दोंडाईचा-शहादा रस्त्याला पंजाबची हार्वेस्टर दिसायला लागतात. ढाब्याच्या बाजूला उभं मशीन, मागे ट्रॉलीवर काढून ठेवलेला लांब कटर बार आणि सावलीत बसलेली चार-पाच पोरं. गहू आपला, शेत आपलं, आणि काढणीचे पैसे जातात हजार किलोमीटरपेक्षा लांब. हे बघून दरवर्षी कोणीतरी तरुण मला विचारतोच, "सर, आपणच एक हार्वेस्टर घेतलं तर?"

प्रश्न चांगला आहे. पण त्याच्यामागे वीस-पंचवीस लाखांचं कर्ज असतं, आणि बऱ्याचदा तारण म्हणून वडिलांच्या नावावरचा सात-बारा असतो. म्हणून घाईत "घेऊन टाक भाऊ" असं मी कोणालाच सांगत नाही.

विचारणारे बहुतेक जण दोनच गोष्टी विचारतात: कंपनी कोणती आणि सबसिडी किती. मशीनच्या आत दाणा काडापासून वेगळा कसा होतो, हे कोणी विचारत नाही. तुमचं मशीन कोणतं पीक नीट काढेल, भर हंगामात किती दिवस बंद राहील आणि हप्ता निघेल की नाही, हे त्याच्यावरच ठरतं. आज तेवढंच समजून घेऊ.

चार कामं, एक मशीन

आपल्या आजोबांच्या वेळी गव्हाची कामं वेगवेगळी व्हायची. विळ्याने कापणी, खळ्यावर बैलांची पात फिरवून मळणी, मग काड बाजूला करणं आणि शेवटी वारा बघून उफणणी. ही चारही कामं एकाच चालत्या यंत्रात एकत्र केली, म्हणून त्याला 'कंबाइन' म्हणतात. अमेरिकेत हायरम मूर याने १८३६ मध्ये अशा यंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हा ते घोडे ओढायचे. आपल्या देशात पंजाब ट्रॅक्टर्सने १९८० साली 'स्वराज ८१००' हे स्वतःच्या इंजिनावर चालणारं हार्वेस्टर आणलं. पुढे नाभा, भादसों, मालेरकोटला अशा पंजाबातल्या छोट्या गावांत हा धंदा फोफावला. प्रीत, करतार, दशमेश ही नावं तिथलीच.

आता चार कामांपैकी कापणी आणि उफणणी जवळपास सगळ्या मशीनमध्ये सारखीच आहे. पुढे दात्यांचा कटर बार आणि गोल फिरणारी रील, खाली चाळण्या आणि पंखा. खरा फरक मधल्या दोन कामांत आहे: मळणी आणि काड वेगळं करणं. किंमत, ताकद आणि गुंतागुंत तिथेच बदलते.

पहिला प्रकार: ड्रम आणि वॉकर

पंजाबहून येणारी बहुतेक मशीनं या प्रकारची असतात. साधारण १०० एचपीचं इंजिन आणि १४ फुटांचा कटर बार. पीक आत गेलं की आडव्या ड्रमवरच्या पट्ट्या त्याला खालच्या जाळीवर घासतात. या जाळीला कॉन्केव्ह म्हणतात. बहुतेक दाणे इथेच जाळीतून खाली पडतात. उरलेले दाणे काडात अडकून मागे जातात. तिथे लांब-लांब वॉकर असतात, बऱ्याच मशीनमध्ये पाच. ते क्रँकवर वरखाली हलतात, काड झटकत-झटकत मागे टाकतात आणि दाणे खाली गाळतात. सुपाने पाखडल्यासारखंच काम.

चांगली बाजू: सगळं उघडं आणि समजणारं आहे. बेल्ट, चेन, पुली, बेअरिंग, लाकडी बुश. थ्रेशर उघडून बसवणारा आपला गावाकडचा मेकॅनिक दोन दिवसांत हे मशीन ओळखायला लागतो. काडही फार तुटत नाही.

वाईट बाजू: हलणारे भाग खूप. प्रत्येकाला ग्रीस, प्रत्येकाला ताण. पीक ओलं किंवा हिरवं असलं की वॉकरवर काडाचा थर साचतो आणि दाणे काडाबरोबर मागून शेतात पडतात. ऑपरेटरने एकर वाढवायला वेग वाढवला तरी तेच होतं.

दुसरा प्रकार: रोटर, म्हणजे अॅक्सियल फ्लो

यात वॉकर नसतात. एक लांब रोटर जाळीच्या पिंजऱ्यात फिरतो आणि पीक त्याच्याभोवती स्क्रूसारखं पुन्हा पुन्हा फिरत मागे जातं. मळणी आणि वेगळं करणं एकाच ठिकाणी होतं. दाणा झटकून नाही, तर गोल फिरण्याच्या जोराने बाहेर फेकला जातो. मोठ्या प्रमाणावर ही पद्धत अमेरिकेत आली. न्यू हॉलंडने १९७५ मध्ये दोन रोटरचं आणि इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९७७ मध्ये एका रोटरचं मशीन बाजारात आणलं.

इथे दाण्यावर एकदम जोराचा घाव बसत नाही, हळूहळू चोळणं होतं. म्हणून मका, सोयाबीन आणि बियाण्याच्या प्लॉटसाठी हा प्रकार चांगला. दाणा कमी फुटतो.

आता एक गंमत बघा. हलणारे भाग मोजले तर रोटरचं मशीन ड्रम-वॉकरपेक्षा साधं आहे. मग ते महाग का? कारण त्या एका रोटरला भरपूर ताकद लागते. इंजिन मोठं हवं, रोटर फिरवणारी यंत्रणा भक्कम हवी. काड चिवट किंवा दमट असलं तर ते रोटरभोवती दोरखंडासारखं वळतं आणि मशीन जागेवर थांबतं. वॉकरचा बुश गेला तर तासाभराचं काम. रोटरचा गिअरबॉक्स गेला तर पार्ट कुठून आणि कधी येणार, हा प्रश्न.

म्हणजे 'कमी पार्ट' आणि 'कमी त्रास' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वहीत लिहून ठेवा.

आपल्याकडे काही मशीनमध्ये दोन्हींचं मिश्रण मिळतं: पुढे आडवा ड्रम, मागे रोटर. क्लासचं 'क्रॉप टायगर' याच पद्धतीचं आहे. त्यात चाकांऐवजी पट्ट्याचं मॉडेलही मिळतं. चिखलात ते रुतत नाही, म्हणून भातासाठी लोक ते घेतात. तुमचं गिऱ्हाईक नवापूरकडे किंवा साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात असेल तर त्याचा विचार करा. पण पट्ट्याचं मशीन डांबरी रस्त्यावरून लांब चालवता येत नाही. प्रत्येक गावाला ट्रकवर चढवायचं, उतरवायचं. तो खर्च हिशोबात धरा.

तिसरा प्रकार: ट्रॅक्टरवर बसणारं हार्वेस्टर

आत ड्रम आणि वॉकरच असतात, पण इंजिन तुमच्या ट्रॅक्टरचं. कटर बार साधारण १२ फुटांचा. किंमत बरीच कमी, आणि हंगाम संपला की ट्रॅक्टर सोडवून नांगरणीला लावता येतो. तोटा असा की बसवायला-उतरवायला वेळ आणि कसबी माणूस लागतो. क्लचवर ताण येतो. दाट पिकात वेग कमी ठेवावा लागतो. आणि ट्रॅक्टर बिघडला तर दोन्ही धंदे एकाच दिवशी बंद.

आता दोंडाईच्याचं शिवार डोळ्यांसमोर आणा

शोरूममध्ये मशीन छानच दिसतं. ते आपल्या पिकांशी जुळवून बघायचं असतं.

*गहू.* तिन्ही प्रकार चालतात. पण शेतकरी पहिला प्रश्न विचारतो, "कुटार मिळेल का?" हार्वेस्टर गव्हाचं खोड बरंच उभं सोडतं आणि काड पसरून टाकतं. ज्याच्या दारात म्हशी आहेत, त्याला कुटार दाण्याइतकंच महत्त्वाचं. असा माणूस मजूर लावून कापतो आणि थ्रेशरवर काढतो. त्याला गिऱ्हाईक करायचं असेल तर हार्वेस्टरमागे भुसा गोळा करणारं रीपर लागतं. रीपर हार्वेस्टरपेक्षा खूपच स्वस्त असतं आणि ट्रॅक्टरवर चालतं. काही जणांनी सुरुवात तिथूनच करावी, असं माझं मत आहे.

*मका.* दोंडाईच्यात मक्यापासून स्टार्च काढणारा युनिव्हर्सल स्टार्चचा कारखाना आहे, म्हणजे मक्याला दारातच बाजार आहे. पण गव्हाचं मशीन तसंच मक्यात घातलं तर दाण्याचा चुरा होतो. मक्यासाठी ड्रमचा वेग गव्हाच्या साधारण निम्म्यावर आणावा लागतो, ड्रम आणि जाळीतलं अंतर वाढवावं लागतं, चाळण्या बदलाव्या लागतात आणि पुढे मक्याचं हेड बसवावं लागतं. ते हेड ओळीच्या अंतरावर चालणारं असेल तर तुमच्या भागातली लावणी त्या अंतराची आहे का, ते टेपने मोजून बघा. अजून एक. मशीनने काढलेला मका बऱ्याचदा ओलसर असतो. तो वाळवायला जागा नसलेला शेतकरी ओलाव्याची कटती बसली की तुमच्यावरच चिडतो. हे आधी बोलून घ्या.

*हरभरा.* यात घाटे जमिनीजवळ लागतात. कटर बार खाली घेतला तर माती आणि दगड आत जातात, वर ठेवला तर घाटे शेतातच राहतात. म्हणून उंच वाढणारं वाण लागतं. राहुरी विद्यापीठाचं 'फुले विक्रम' हे वाण यंत्राने काढायला सोयीचं आहे. तुमच्या टापूत असं वाण किती जण लावतात, ते विचारा. जुनंच बुटकं वाण असेल तर हरभऱ्याचे एकर हिशोबात धरू नका.

*रस्ते आणि बांध.* १४ फूट म्हणजे सव्वाचार मीटर. तुमच्या गावच्या शिवाररस्त्यांवरून एवढं रुंद मशीन जातं का? वळणावर विजेचा खांब आहे का? अर्ध्या-पाऊण एकराच्या तुकड्यात मशीन कापण्यापेक्षा वळण्यातच वेळ घालवतं.

कागद-पेन घ्या, हिशोब करू

खालचे आकडे समजण्यापुरते धरलेत. तुमच्या भागातला दर, डिझेल आणि बँकेचं व्याज टाकून पुन्हा करा.

१४ फुटी मशीन ताशी ३ किलोमीटर वेगाने चाललं आणि वळणं, टाकी रिकामी करणं यात एक तृतीयांश वेळ गेला, तर तासाला साधारण २ एकर होतात. सकाळी दव असतं, मशीन उशिरा सुरू होतं. गावोगाव फिरणं धरलं तर दिवसाला सरासरी १२ एकर धरू.

मशीन २५ लाखांचं. सव्वासहा लाख स्वतःचे, पावणेएकोणीस लाख कर्ज, ११ टक्के, ५ वर्षं. वर्षाचा हप्ता साधारण ४ लाख ९० हजार. विमा, गॅरेज आणि हंगामाआधीची दुरुस्ती दीड लाख. म्हणजे मशीन शेडमध्ये उभं राहिलं तरी वर्षाला ६ लाख ४० हजार जाणारच.

एकरी दर १,८०० धरला. डिझेल ४६०, ऑपरेटर आणि पोरं ३००, गावातून काम आणून देणाऱ्याचे १००. एकरी हातात राहतात ९४०.

६ लाख ४० हजार भागिले ९४० म्हणजे साधारण ६८० एकर. दिवसाला १२ प्रमाणे ५७ दिवस. आणि एवढं करून तुमच्या घरी अजून एक रुपया आलेला नाही!

आता सांगा, आपल्या भागात गव्हाची काढणी ५७ दिवस चालते का? महिनाभरात शिवार मोकळं होतं. पंजाबवाल्यांचं गणित जमतं कारण ते गव्हाच्या मागे फिरतात. आधी मध्य प्रदेश आणि आपल्याकडे, मग वर जात-जात बैसाखीच्या सुमारास स्वतःच्या गावी. मग खरिपात भात. एकाच गावात बसून राहिले असते तर त्यांनाही हप्ता जड गेला असता.

तुमच्यासमोर दोनच वाटा आहेत. एक तर मशीनबरोबर फिरा, नाहीतर त्याच मशीनवर गव्हासोबत मका, हरभरा, सोयाबीन असं दुसरं-तिसरं पीक काढा. दुसरी वाट धरली तर पीक बदलताना आत काय-काय बदलावं लागतं आणि त्याला किती वेळ लागतो, हा मशीन निवडताना पहिला प्रश्न झाला पाहिजे.

गुंतागुंत दिवसांत मोजा

वरच्या हिशोबात मशीनचा एक बंद दिवस म्हणजे ११ हजारांच्या वर नुकसान. तीन दिवस बंद म्हणजे ३४ हजार. आणि गव्हाचं गिऱ्हाईक थांबत नाही. ढग दिसले की तो दुसरं मशीन बोलावतो, आणि पुढच्या वर्षी त्यालाच फोन करतो.

म्हणून कोणतंही मशीन बघताना एक तक्ता करा. एका बाजूला मुख्य भाग लिहा: कटर बार, फीडरची चेन, ड्रम, जाळी, वॉकर किंवा रोटर, चाळण्या, एलिव्हेटर, हायड्रॉलिक, गिअरबॉक्स, इंजिन. प्रत्येकासमोर तीन उत्तरं लिहा:

१. हा बिघडला तर दुरुस्त कोण करेल?
२. पार्ट कुठे मिळेल? दोंडाईचा, धुळे, इंदूर की थेट पंजाब?
३. मशीन किती तास बंद राहील?

ज्या ओळीत 'माहीत नाही' आलं, तिथे तुमचा धोका आहे. डीलरला गोड बोलून नाही, लेखी विचारा: हंगामात मेकॅनिक किती तासांत येणार?

इंजिनाची ओळ नीट भरा. जुन्या मशीनचा डिझेल पंप आपल्याकडचा पंपवाला खोलून बसवतो. पण प्रदूषणाचे नियम कडक होत चाललेत. ५० एचपीवरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ लागू झालं आणि कॉमन रेल, सेन्सर, कंट्रोलर हे शब्द शेतात आले. असं इंजिन डिझेल नीट जाळतं, धूर कमी करतं. पण सेन्सर गेला तर पान्हा कामाचा नाही, कंपनीचा लॅपटॉप घेऊन येणारा माणूस लागतो. नवं वाईट आहे असं मी म्हणत नाही. तो माणूस किती लांब बसतो, एवढं विचारून घ्या.

विकत घेण्याआधी या चार गोष्टी करा

*चाचणी अहवाल वाचा.* मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर आणि शेतीयंत्रांची प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. तिथे तपासलेल्या मशीनचे अहवाल वेबसाइटवर मिळतात. किती दाणे मागून गेले, किती फुटले, डिझेल किती लागलं, काय तुटलं, सगळं त्यात असतं. जाहिरातपत्रकापेक्षा हे वाचा.

*शेतात दाणे मोजा.* चालू मशीनच्या मागे जाऊन एक मीटर बाय एक मीटर चौकोनातले दाणे मोजा. कापलेल्या रुंदीत चार-पाच जागी मोजून सरासरी काढा. आधीच झडलेले दाणे उभ्या पिकात मोजून वजा करा. गव्हाचे हजार दाणे साधारण ४० ग्रॅम भरतात. म्हणजे चौरस मीटरला १०० दाणे सापडले तर एकरी १६ किलो गहू शेतात राहिला. हे मोजता येणारा मशीनवाला शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर वेग कमी-जास्त करून दाखवू शकतो. विश्वास असाच मिळतो.

*जुनं घेत असाल तर झाकणं उघडा.* रंग बघू नका. ड्रमच्या पट्ट्या झिजल्यात का, जाळी वाकलीय का, वॉकरचे बुश ढिले आहेत का, एलिव्हेटरच्या तळाला पत्रा पातळ झालाय का. मशीन रिकामं अर्धा तास चालवा, बंद करा, मग बेअरिंगच्या घरांजवळ हात नेऊन बघा. जिथे चटका बसतो तिथे खर्च आहे. गरम बेअरिंग आणि वाळलं काड एकत्र आलं की आग लागते. आग विझवायचं सिलिंडर मशीनवर हवंच.

*योजना शेवटी बघा.* अवजारे बँक किंवा भाडेतत्त्व केंद्रासाठी केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून मदत मिळते, अर्ज महाडीबीटीवर करायचा असतो. कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. त्या वर्षीच्या अटी कृषी कार्यालयात जाऊन वाचा आणि पूर्वसंमती हातात आल्याशिवाय मशीन उचलू नका. सप्टेंबर २०२५ पासून हार्वेस्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. २५ लाखांच्या मूळ किमतीवर पावणेदोन लाख वाचतात. पण सबसिडी मशीन घेताना एकदा मिळते, हप्ता ६० वेळा भरायचा असतो.

मग सुरुवात कुठून करायची?

माझा सल्ला काहींना आवडणार नाही. पहिल्या हंगामात मशीन घेऊ नका. बाहेरून येणाऱ्या एखाद्या मशीनवाल्याशी आत्ताच बोला आणि त्याला काम आणून द्या. वीस-पंचवीस गावांतल्या शेतकऱ्यांची यादी करा: नाव, एकर, पीक, पेरणीची तारीख, रस्ता किती रुंद. एकरी कमिशन घ्या. पण दिवसभर मशीनसोबत राहा. ग्रीस मारा, बेल्ट बदलताना हात लावा, चाळणी काढून साफ करा. कोणता पार्ट कधी तुटला आणि मशीन किती तास थांबलं, ते रोज वहीत लिहा.

हंगाम संपल्यावर तुमच्याकडे तीन गोष्टी असतील: गिऱ्हाइकांची यादी, बिघाडांची वही आणि थोडे पैसे. यादीत ३०० एकरच निघाले तर भुसा रीपर किंवा ट्रॅक्टरवरच्या हार्वेस्टरचा विचार करा. गहू आणि मका मिळून ७०० च्या पुढे निघाले, तर बँकेत जा. मॅनेजरसमोर ती यादी ठेवा. तो कंपनीच्या रंगीत कागदापेक्षा तुमची वही जास्त वेळ बघेल.

आणि समजा वही बघून तुम्हीच ठरवलं की हा धंदा आपल्यासाठी नाही, तर एका हंगामाच्या मेहनतीत तुम्ही वडिलांचा सात-बारा वाचवलात. तोही नफाच आहे.

तुमच्या तालुक्यात कोणतं पीक, किती एकर आणि सध्या दर काय चाललाय, ते व्हिडिओखाली लिहा. तुमचेच आकडे घेऊन पुढच्या भागात भुसा रीपरचा हिशोब मांडू.

भेटू. तोवर वही सुरू करा.